पायांवरचे ठिपके आणि राहून गेलेली तपासणी

प्रश्न: मी ४१ वर्षांची आहे. पाच आठवड्यांपूर्वी फ्लूची लस घेतली. नवव्या दिवशी आंघोळ करताना दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके दिसले. संध्याकाळपर्यंत ते जांभळे झाले, बोट फिरवलं की हाताला लागायचे. दुसऱ्या दिवशी घोटे सुजले आणि दुखायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला ‘ल्युकोसायटोक्लास्टिक व्हॅस्क्युलायटिस’. रक्ताच्या तपासण्या, प्लेटलेटसुद्धा, नॉर्मल आहेत. आता ठिपके गेलेत, तपकिरी डाग राहिलेत. लस घेतल्यावर दुसऱ्या दिवशी घसा धरला होता, म्हणून तिसऱ्या दिवसापासून घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या तीन-चार दिवस घेतल्या, बाकी विशेष काही नाही. एक डॉक्टर म्हणतात, हे लशीनंच झालं, आयुष्यात पुन्हा लस घेऊ नका. दुसरे म्हणतात, लशीनं असं होतच नाही, तुम्ही उगाच मनात घेतलंय. खरं कोणाचं? पुढच्या महिन्यात माझ्या बारा वर्षांच्या मुलीची लस आहे, तिला देऊ का? माझे पाय बघितल्यापासून माझे ७४ वर्षांचे वडील फ्लूची लस घ्यायला तयार नाहीत. त्यांना काय सांगू?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची भीती कळली, दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकली. पत्रात रक्ताच्या तपासण्या आहेत, प्लेटलेट आहेत, तुकड्याचा रिपोर्ट आहे, पण लघवीच्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही. ती झाली असेल आणि लिहायची राहिली असेल तर उत्तमच. झालीच नसेल, तर लस दोषी की निर्दोष हा वाद दोन दिवस बाजूला ठेवा आणि उद्या सकाळची पहिली लघवी तपासायला द्या. त्याच खेपेला रक्तदाबही मोजून घ्या.

इतकी घाई का करायची ते सांगते. नडगीवर जे झालं ते त्वचेचं दुखणं वाटतं, पण मुळात ते त्वचेतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं दुखणं आहे. तशाच बारीक रक्तवाहिन्यांची जाळी मूत्रपिंडात असते, आतड्यात असते. पायावरची बिघडली तर ती डोळ्यांना दिसते. मूत्रपिंडातली बिघडली तर बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, कित्येकदा लघवीचा रंगसुद्धा बदलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लघवीत तांबड्या पेशी दिसतात किंवा तपासणीच्या पट्टीवर प्रथिनं उमटतात, तेवढीच खूण.

रक्तवाहिन्यांच्या या दाहाचा एक प्रकार आयजीए नावाच्या प्रतिपिंडांमुळे होतो. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी त्याचं नाव हेनॉक-शोनलाइन पर्प्युरा असं असतं. शोनलाइन यांनी १८३७ मध्ये आणि हेनॉक यांनी १८७४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव पडलं. हा आजार लहान मुलांमध्ये जास्त दिसतो. मोठ्यांमध्ये कमी दिसतो, पण झालाच तर मूत्रपिंडाला झळ पोचण्याची शक्यता मुलांपेक्षा जास्त असते. ही झळ ठिपक्यांबरोबरच दिसेल असंही नाही, काही आठवड्यांनीही दिसू शकते. म्हणून एक तपासणी नॉर्मल आली की फाईल बंद, असं करू नका. साधारणपणे पहिला महिना दर आठवड्याला आणि मग अंतर वाढवत सहा महिन्यांपर्यंत लघवी आणि रक्तदाब बघतात. तुमचे ठिपके येऊन जवळजवळ चार आठवडे झालेत, तेव्हा पुढच्या तारखा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तुकड्याच्या रिपोर्टात ‘डायरेक्ट इम्युनोफ्लुओरेसन्स’ अशा शब्दांखाली काही लिहिलंय का, तेही बघा. असेल तर त्यात आयजीए सापडलं की नाही ते कळेल. ही तपासणी ताज्या, एक-दोन दिवसांच्या ठिपक्यातूनच चांगली होते, त्यामुळे राहून गेली असेल तर आता तपकिरी डागातून तुकडा काढून काही हाती लागणार नाही. कोणी सुचवलंच तर हे जरूर विचारा. अशा वेळी लघवीवर जास्त लक्ष ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आता ठिपक्यांकडे येते. पुन्हा कधी तुम्हाला किंवा घरात कोणाला असे लाल-जांभळे ठिपके आले, तर पारदर्शक काचेचा ग्लास घ्या आणि त्याची बाजू ठिपक्यावर दाबून आरपार बघा. साधा लाल चट्टा, पित्ताची गांधी, डास चावल्याचा डाग हे दाबल्यावर फिके पडतात, कारण तिथलं रक्त वाहिनीच्या आतच असतं आणि दाबलं की बाजूला सरकतं. काचेखालीही ठिपका तसाच गडद राहिला, तर रक्त वाहिनीच्या बाहेर झिरपलेलं असतं. बाहेर आलेलं रक्त दाबून हलत नाही. नंतर त्यातलं लोह त्वचेत साठतं, तेच तुमचे तपकिरी डाग. ते जायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यांच्यावर रंग उजळवणारी मलमं चोळू नका. नुकत्याच सावरलेल्या त्वचेला त्यानं चुरचुर होईल, आणि डाग आपल्या गतीनंच जाणार आहेत.

बोट फिरवल्यावर ठिपके हाताला लागत होते, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. प्लेटलेट कमी झाल्यामुळे आलेले ठिपके सपाट असतात, डोळे मिटून हात फिरवला तर कळतही नाहीत. वाहिनीच्या भिंतीलाच दाह झाला की ठिपका फुगतो. तुमच्या प्लेटलेट नॉर्मल आल्या ते याच्याशी जुळतं.

आत काय घडलं असेल? शरीरात काहीतरी परकं शिरतं. जंतू असेल, औषध असेल, लशीतला घटक असेल. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि त्या परक्या पदार्थाला चिकटतात. एरवी अशा जोडगोळ्या शरीर गुपचूप उचलून टाकतं. कधी त्या इतक्या होतात, किंवा अशा आकाराच्या होतात, की बारीक शिरांच्या भिंतीत अडकून बसतात. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, फुटतात, आणि त्यांच्यातल्या रसायनांनी भिंतच झिजते. फुटलेल्या पेशींच्या केंद्रकांचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निळसर-काळ्या धुळीसारखा विखुरलेला दिसतो. तुमच्या रिपोर्टातल्या त्या अवघड नावाचा अर्थ एवढाच, की पांढऱ्या पेशींचा चुरा झालेला रक्तवाहिनीचा दाह. नावात कारण सांगितलेलं नाही. तुकडा बघून दाह आहे हे कळतं, कशानं झाला हे बहुतेक वेळा कळत नाही. पायांवरच का, असंही तुम्हाला वाटलं असेल. उभं राहिलं की रक्ताचा सगळा भार खालच्या शिरांवर येतो आणि तिथे रक्त सावकाश वाहतं, म्हणून त्या जोडगोळ्या तिथेच रुतून बसतात.

आणि नववाच दिवस का? नव्या परक्या पदार्थाविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. पूर्वी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातला सिरम टोचायचे. त्या उपचारानं असंख्य मुलं वाचली, १९०१ चं वैद्यकशास्त्रातलं पहिलं नोबेल बेरिंग यांना त्यासाठीच मिळालं. पण काही मुलांना सिरम टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, अंगभर गांधी उठायच्या, सांधे दुखायचे. फॉन पिर्के आणि शिक या दोन डॉक्टरांनी १९०५ मध्ये याचं बारकाईनं वर्णन केलं आणि या मधल्या दिवसांवर बोट ठेवलं. विष असतं तर लगेच चढलं असतं. इथे शरीर आधी तयारी करत होतं, आणि त्या तयारीलाच हे दिवस लागत होते. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द पिर्के यांनीच पुढच्या वर्षी घडवला. तुमच्या पायांवरचे ठिपके तशाच हिशेबानं उगवले.

पण तो हिशेब कुठल्या दिवसापासून लावायचा? तुमच्या प्रश्नाची सगळी मेख इथेच आहे. एक कोरा कागद घ्या आणि तारखा मांडा. लस घेतली तो दिवस. दुसऱ्या दिवशी घसा. तिसऱ्या दिवशी अमॉक्सिसिलिनची पहिली गोळी. नवव्या दिवशी ठिपके. लशीपासून मोजा, घशापासून मोजा की गोळ्यांपासून मोजा, तिन्ही हिशेब आठवडा-दीड आठवड्याच्या खिडकीत बसतात. त्वचेतल्या बारीक वाहिन्यांच्या दाहाची नेहमीची कारणं बघितली, तर औषधं आणि घशाचे-श्वसनमार्गाचे संसर्ग यादीत अगदी वर असतात, आणि औषधांमध्ये पेनिसिलिनच्या गटातली प्रतिजैविकं पुढे असतात. अमॉक्सिसिलिन त्याच गटातलं. अंगदुखीसाठी, तापासाठी आयबुप्रोफेनसारखी एखादी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तीही कागदावर लिहा, तीही संशयितांपैकी आहे. पत्रात तुम्ही ‘बाकी विशेष काही नाही’ असं म्हणून जे वाक्य संपवलंत, माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यात विशेष आहे.

म्हणून तुमच्या दोन्ही डॉक्टरांशी मी सहमत नाही. ‘लशीनंच झालं’ असं म्हणणाऱ्यांनी गोळ्यांबद्दल विचारलंच नसावं. ‘लशीनं असं होतच नाही’ हेही खरं नाही. फ्लूच्या लशीनंतर, आणि इतरही काही लशींनंतर, असा दाह झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वर्षानुवर्षं आहेत. त्या थोड्या आहेत, आणि त्यातही लशीनंतर झालं आणि लशीमुळे झालं यांतला फरक दर वेळी सिद्ध करता आलेला नाही, पण त्या आहेत. शिवाय साधारण निम्म्या रुग्णांमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही. लशीनंतरच्या त्रासाची चौकशी करताना जागतिक आरोग्य संघटनेची जी पद्धत वापरतात, तिच्यात ‘ठरवता येत नाही’ असा वेगळा वर्गच ठेवलेला आहे. आज तुमचा आजार मी त्याच वर्गात टाकेन. यानं तुमचं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण खोट्या खात्रीवर तुमचे पुढचे निर्णय उभे राहण्यापेक्षा हे बरं.

‘मनात घेतलंय’ हे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. तुकड्यात दिसलेला दाह कोणाच्या मनात नसतो. मीही अशी एक चूक केली आहे. बरीच वर्षं झाली त्याला. एक आई वर्षाच्या आतल्या बाळाला घेऊन आली होती. बाळाच्या गालांवर, कानांच्या पाळ्यांवर, हातापायांवर नाण्याएवढे गोल जांभळे चट्टे, काही चट्ट्यांत कड्याच्या आत कडं. बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं असे. बाळ मात्र आईच्या मांडीवर बसून माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढत होतं. दहा दिवसांपूर्वी लस झाली होती. आईनं विचारलं, लशीचं आहे का हो? मी मान वर न करता म्हटलं, छे, लशीचा काही संबंध नाही.

तो आजार मला ओळखता आला होता. तान्ह्या बाळांना, साधारण चार महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान, वाहिन्यांच्या दाहाचा असा एक प्रकार होतो. दिसायला भयंकर, पण बाळ ठणठणीत असतं आणि एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरं होतं. बहुतेकदा आधी सर्दी-खोकला झालेला असतो, कधी एखादं औषध दिलेलं असतं, कधी लस झालेली असते. सांगायचं होतं ते एवढंच. मी ते सांगितलं नाही. एका शब्दात तिचा प्रश्न उडवून लावला. बाळ बरं झालं, पण पुढच्या डोसला ती आली नाही. निरोप पाठवला तेव्हा म्हणाली, तुम्ही मला काही सांगणार नाही, मग मी कोणावर विश्वास ठेवू? त्या दिवसापासून असा प्रश्न आला की मी आधी तारखा लिहून घेते आणि मग बोलते.

लशीनंतर त्वचेवर आणि रक्तवाहिन्यांत होणाऱ्या इतर दुर्मीळ गोष्टींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घाबरलेला माणूस रात्री जागून सगळंच वाचत सुटतो आणि सगळं एकाच पोत्यात भरतो. त्या वेगवेगळ्या आहेत. टोचलेल्या जागी चार ते बारा तासांत खूप सूज, कडकपणा, ठणका येतो, त्याला आर्थस प्रतिक्रिया म्हणतात. धनुर्वाताची लस गरजेपेक्षा वरचेवर घेतलेल्यांना ती कधीकधी होते, कारण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच भरपूर असतात. अशा माणसांना धनुर्वाताचा पुढचा डोस दहा वर्षांच्या आत देत नाहीत. कोविडच्या एमआरएनए लशींनंतर आठवड्याभरानं काहींच्या दंडावर मोठा लाल, गरम चट्टा यायचा. त्यानं काही दिवस, कधी आठवडाभर खाज यायची, पुढचा डोस चुकवायचं कारण नव्हतं.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत प्लेटलेट घसरून सपाट ठिपके येऊ शकतात, साधारण ३० ते ४० हजार डोसांमागे एकदा. बहुतेक मुलं बरी होतात, आणि खुद्द गोवर किंवा रुबेला झाला तर प्लेटलेट घसरण्याचा धोका याहून जास्त असतो. खरोखर गंभीर होती ती २०२१ मध्ये अ‍ॅडिनोव्हायरसवर आधारलेल्या कोविड लशींनंतर आढळलेली, फार थोड्यांना झालेली गोष्ट. प्लेटलेट घसरायच्या आणि त्याच वेळी मेंदूच्या किंवा पोटाच्या शिरांत गुठळ्या व्हायच्या. ती ओळखली गेली, तिचं कारण असलेली प्रतिपिंडं सापडली, हेपरिन या गुठळ्यांवरच्या नेहमीच्या औषधाऐवजी वेगळी औषधं वापरायची हे ठरलं, आणि काही देशांनी कोणत्या वयाला कोणती लस द्यायची हे बदललं. थोड्या लोकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी आपला त्रास नोंदवला म्हणूनच हे झालं. तुमच्या दाहाचा या गुठळ्यांशी संबंध नाही. तुम्ही घेतलेली लस वेगळी आहे, आणि तुमच्या प्लेटलेट जागच्या जागी आहेत.

नोंदीवरून आठवलं. तुमचा आजार लशीनंतरचा त्रास म्हणून नोंदवला गेलाय का? नसेल तर डॉक्टरांना नोंदवायला सांगा. नोंदवणं म्हणजे लशीवर आरोप करणं नाही. लशीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, ठिपके दिसल्याचा दिवस, आणि हो, घसा आणि गोळ्यासुद्धा त्यात आल्या पाहिजेत. अर्धी माहिती पुढे गेली तर उद्या ती वाचणाराही तुमच्या पहिल्या डॉक्टरांसारखीच चूक करेल.

तुमच्या मुलीची लस वेळेवर द्या. तुम्हाला झालेल्या या दाहामुळे तुमच्या मुलीनं लस टाळावी असा कुठलाही नियम नाही. तिला स्वतःला पूर्वी एखाद्या लशीचा तीव्र त्रास झाला असेल तर तेवढं टोचणाऱ्या डॉक्टरांना सांगा, बाकी नेहमीसारखंच. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा, कारण लगेच होणारी गंभीर अ‍ॅलर्जी बहुधा तेवढ्याच वेळात दिसते आणि तिच्यावरचं औषध तिथे हाताशी असतं. ही अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्यालाच होते, तरी बसा.

वडिलांचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटली. ७४ व्या वर्षी फ्लू म्हणजे नुसतं सर्दी-पडसं नसतं. जगभरात दरवर्षी फ्लूमुळे श्वसनाचे विकार होऊन २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात वयस्कर माणसं मोठ्या संख्येनं असतात. कॅनडातल्या एका अभ्यासात २०१८ मध्ये असं दिसलं, की फ्लू झाल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या माणसांना पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सहा पट होतं. त्यांनी तुमचे पाय बघितले, तो धसका खरा आहे. वाद घालून तो जाणार नाही. तारखांचा तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. लस, घसा, गोळ्या, ठिपके. गोळ्यांवर बोट ठेवा आणि सांगा, की डॉक्टरांना यांचाही तेवढाच संशय आहे. मग तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर जा. तुमचे पाय आता बरे आहेत, तेही त्यांना दाखवा. जांभळे ठिपके दाखवले असतील तर बरे झालेले पायही बघायला हवेत त्यांनी.

आता तुमचं. पुढच्या वर्षी फ्लूची लस घ्यायची का? ‘आयुष्यात कधीच नाही’ हे मला पटत नाही. आज मात्र त्याचा निर्णय करायची गरज नाही. दाह पूर्ण शमू दे, सहा महिन्यांच्या लघवीच्या तपासण्या स्वच्छ येऊ देत. मग तुमच्या डॉक्टरांबरोबर बसा आणि तुम्हाला फ्लूचा धोका किती हे बघा. दमा, मधुमेह, हृदयविकार असं काही असेल तर पारडं लशीच्या बाजूला झुकतं. घ्यायची ठरली तर त्या दोन आठवड्यांत दुसरं कुठलंही नवं औषध सुरू करू नका, आणि दहा-बारा दिवस रोज रात्री नडग्या उजेडात बघा. त्याच लशीनंतर पुन्हा तसेच ठिपके आले, मध्ये दुसरं काही नसताना, तर मात्र संशय पक्का होईल आणि ती लस थांबवायची. तेव्हा मीही तेच सांगेन. वेगळ्या लशींचा प्रश्न वेगळा. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस हवी असेल तर ती घ्यायचीच, तिथे या दाहाची आठवण काढून एक दिवसही घालवायचा नाही.

अमॉक्सिसिलिन मात्र आतापासून बंद. त्वचेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी नीट विचार करून परवानगी देईपर्यंत ते किंवा पेनिसिलिनच्या गटातलं दुसरं औषध घेऊ नका, आणि कुठेही उपचाराला गेलात तर आधी हे सांगा. घरी प्रयोग म्हणून एखादी गोळी घेऊन बघायची तर अजिबात नाही. औषधांच्या डब्यात उरलेली प्रतिजैविकं असतील तर ती औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात विचारून नष्ट करा. धरलेला घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतो आणि त्यावर या गोळ्यांचा उपयोगही होत नाही. तुम्ही कोणाला विचारून घेतल्या नव्हत्या, म्हणून तुम्हाला रागावत नाही. हे जवळजवळ प्रत्येक घरात घडतं.

पायांचं म्हणाल तर फार काही करायचं नाही. फार वेळ एका जागी उभं राहू नका, बसताना पाय उशीवर वर घ्या, डॉक्टर हो म्हणाले तर दिवसा कॉम्प्रेशनचे मोजे घाला. असा दाह बहुतेकांना एकदाच होतो आणि तीन-चार आठवड्यांत शमतो, तुमचं तसंच झालं. थोड्यांना तो पुन्हा पुन्हा येतो. पुन्हा आलाच तर पहिल्या ठिपक्यांभोवती पेनानं गोल काढा आणि तारीख टाका, म्हणजे गोलाबाहेरचे नवे कोणते ते कळेल. आणि चोवीस तासांच्या आत डॉक्टरांकडे जा, तेव्हा तुकडा ताजा मिळतो.

काही गोष्टींसाठी मात्र सकाळ व्हायची वाट बघायची नाही. काचेखाली न जाणारे ठिपके आणि अंगात ताप, विशेषतः लहान मूल मलूल झालं असेल, मान कडक झाली असेल, तर ते मेंदूज्वराचे जंतू रक्तात शिरल्याचं लक्षण असू शकतं, तिथे मिनिटं मोजायची. तुमच्यापुरतं सांगायचं तर पोटात मुरडून दुखणं, काळी किंवा रक्ताची शौच, लघवी काळ्या चहासारखी होणं किंवा तिला खूप फेस येणं, पाऊल बधिर होणं किंवा चालताना पंजा लोंबणं, ठिपक्यांवर फोड येऊन जखमा होणं. यांतलं काहीही झालं तर थेट रुग्णालयात जा, आणि तुकड्याचा रिपोर्ट बरोबर न्या.

लघवीचा रिपोर्ट आला की मला कळवा. त्यात तांबड्या पेशी किंवा प्रथिनं असं काही लिहिलेलं दिसलं, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. तारखांचा तो कागदही बरोबर ठेवा.